रामन राघवचा ‘कानून’

महाराष्ट्रात कुठेही अंगावर काटा आणणारा खून झाला, की दोन दिवसांत आरोपीच्या वकिलाने ‘मानसिक स्थिती’ हा शब्द उच्चारलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी रामन राघवचे, म्हणजे साठच्या दशकात मुंबईत रात्री झोपलेल्या लोकांचे खून करणाऱ्याचे, नाव चर्चेत आलेले असते. या नावाचा उपयोग दोन्ही बाजू करतात आणि दोन्ही चुकीचा करतात. एक बाजू म्हणते की वेड पांघरून पेडगावला जाण्याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणार नाही. चाळीसच्या आसपास खुनांची कबुली देणारा माणूस फासावर गेला नाही, कारण डॉक्टरांनी त्याला वाचवले. दुसरी बाजू त्याला शहराने आणि गरिबीने घडवलेला बळी मानते आणि त्याच्या कहाणीत काहीतरी गूढ, जवळजवळ काव्यमय असे शोधत बसते. पहिल्या बाजूला हे ठाऊक नसते की वेडेपणाचा बचाव रामन राघवच्या खटल्यात फेटाळला गेला होता. दुसरीला याचा विसर पडतो की गरिबी हा मनोविकार नाही आणि त्याने मारलेली माणसेही पदपथांवर आणि झोपड्यांत झोपणारीच होती; त्यांच्यापैकी कुणी हाती लोखंडी पहार घेऊन निघाले नव्हते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. १९६९ मध्ये हा बचाव नाकारला गेला ही चूक होती. ती न्यायाधीशांच्या कठोरपणामुळे झालेली नसून कायद्याने त्यांच्या हाती दिलेल्या प्रश्नामुळे झाली होती, आणि तो प्रश्न आजही शब्दशः तसाच आहे. हा बचाव मान्य झाला असता तर रामन राघव मोकळा सुटला असता, हा समज मात्र निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. तो त्याच भिंतींच्या आत राहिला असता. फरक पडला असता तो आपण त्याला काय म्हणून तिथे ठेवले, यात.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले होऊ लागले. त्या वेळी संशयावरून रामन राघवला पकडण्यात आले होते. पुराव्याअभावी तो सुटला. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत हल्ल्यांचे दुसरे सत्र सुरू झाले, लोक रात्री गस्त घालू लागले, आणि पोलीस उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास सुरू झाला. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्रावरून त्याला ओळखले आणि पकडले. त्याच्याजवळ चष्मा, कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद अशी चीजवस्तू निघाली. बरेच दिवस तो काही बोलेना; शेवटी पोटभर कोंबडी खायला मिळाल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली आणि हत्यारे कुठे लपवली आहेत तेही दाखवले. मालाडच्या चिंचवली गावातल्या दोन खुनांबद्दल त्याच्यावर खटला भरण्यात आला. न्यायालयाच्या कागदांत त्याचे नाव ‘सिंधी ऊर्फ रामन’ असे आहे.

खटला उभा राहिला तो जून १९६९ मध्ये. आरोपी मनोविकल आहे असे बचाव पक्षाने म्हटल्यावर पोलीस सर्जनने २८ जून ते २३ जुलै असे जवळजवळ चार आठवडे त्याचे निरीक्षण केले आणि निष्कर्ष काढला की त्याला कोणताही गंभीर मनोविकार नाही, त्याची स्मृती शाबूत आहे, बुद्धी मध्यम आहे आणि आपण काय करतो याची त्याला जाणीव आहे. बचावासाठी नायर रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ उभे राहिले. त्यांनी ऑगस्टमध्ये त्याची भेट घेतली होती. त्यांची साक्ष अशी की त्याला दीर्घकाळापासून संशयभ्रम असलेला स्किझोफ्रेनिया आहे. आपण माणसे मारत आहोत हे त्याला कळत होते, परंतु ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची क्षमता त्याच्यापाशी नव्हती. सत्र न्यायालयाने पहिले मत ग्राह्य धरून फाशी सुनावली. रामन राघव अपील करायलाही तयार नव्हता.

कथा इथे संपली असती. पण फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही, आणि उच्च न्यायालयाने ती कायम करण्याआधी तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमायला सांगितले. मंडळाने त्याच्याशी पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास, बोलून पाहिले. त्यातून जे बाहेर आले ते ऐकीव दंतकथांहून कितीतरी निराळे आहे. त्याच्या मते जगे दोन होती: एक ‘कानून’चे जग आणि दुसरे हे, आपण सगळे राहतो ते. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी होता, एक शक्ती होता. आपले पुरुषपण बदलून टाकण्याचा लोक प्रयत्न करत आहेत, पण कानूनचा प्रतिनिधी असल्यामुळे त्यांना ते साधत नाही, अशी त्याची खात्री होती. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे अशी तीन सरकारे आहेत आणि तिन्ही त्याच्या मागे लागली आहेत. चोऱ्या करण्यासाठी सरकारनेच त्याला मुंबईत आणले आहे. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तेव्हा त्याने तो नाकारला; या दुष्ट जगातल्या माणसांना कानूनचा प्रतिनिधी स्पर्श करत नाही, असे त्याने सांगितले. दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाने ग्रस्त आणि स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ, असा मंडळाचा निर्वाळा होता.

आता १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ वाचावे. कृती करताना मनोविकलतेमुळे त्या कृतीचे स्वरूप, किंवा आपण करतो ते गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे, हे कळण्यास जो असमर्थ होता, त्याची कृती गुन्हा ठरत नाही. म्हणजे न्यायालयाने विचारायचे ते एवढेच: तुला कायदा कळत होता का? ज्याच्या डोक्यात कानून म्हणजे तो स्वतःच आहे, त्याला हा प्रश्न विचारून कोणते उत्तर मिळणार? ‘पोलीस पकडतात, म्हणून लपायला हवे’ हे त्याला पुरेपूर कळत होते. पण शत्रूच्या मुलखात हेरालाही हे कळते. हेर लपतो तो आपण करतो ते पाप आहे असे वाटून नव्हे; शत्रूच्या हाती लागायचे नाही म्हणून लपतो. रामन राघवची पळापळ, हत्यार दडवणे, नावे बदलणे हे सगळे त्याच्या मनातल्या त्या दोन जगांच्या नकाशाशी तंतोतंत जुळते. आपल्या कायद्याने मात्र त्या पळापळीत शहाणपणाचा पुरावा पाहिला.

ही कसोटी आली कुठून, हे पाहिले म्हणजे तिचा दोष उघड होतो. जानेवारी १८४३ मध्ये ग्लासगोचा डॅनियल मॅकनॉटन या लाकूडकाम करणाऱ्या माणसाने लंडनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडली. ड्रमंड पाच दिवसांनी वारले. त्याने त्यांना पील समजून मारले असे मानले जाते. पील यांच्या टोरी पक्षाचे लोक गावोगाव आपला पाठलाग करतात, आपल्याला जगू देत नाहीत, या भ्रमाने तो पछाडलेला होता. एकामागून एक डॉक्टरांनी तो भ्रमिष्ट असल्याचे सांगितले, सरकार पक्षाने विरुद्ध मताचा एकही डॉक्टर उभा केला नाही, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. लोक खवळले. राणी व्हिक्टोरियाही संतापली. तिच्यावर गोळ्या झाडणारा एडवर्ड ऑक्सफर्ड तीनच वर्षांपूर्वी असाच वेडा ठरून शिक्षेतून सुटला होता. त्या गदारोळात ब्रिटिश संसदेतल्या उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून ‘मॅकनॉटन नियम’ तयार झाले. गंमत अशी की ज्याच्या नावाने हे नियम ओळखले जातात, तो त्यांच्या कसोटीला स्वतः उतरला असता की नाही याची शंका आहे, कारण आपण गोळी झाडत आहोत हे त्याला चांगले कळत होते. लोकक्षोभ शमवण्यासाठी बांधलेली ही चौकट आपण १८६० मध्ये जशीच्या तशी उचलली. त्याआधी १८३७ मध्ये मॅकॉलेच्या आयोगाने तयार केलेल्या दंड संहितेच्या मसुद्यात याहून साधे आणि माझ्या मते अधिक शहाणे कलम होते: वेडामुळे माणसाच्या हातून जे घडते, तो गुन्हा नव्हे. ‘कळत होते का’ असे त्या मसुद्याने विचारलेच नव्हते. ‘कशामुळे घडले’ एवढेच त्याने विचारले होते. मधल्या काळात लंडनच्या रस्त्यावर एक पिस्तूल उडाले नसते, तर कदाचित मुंबईच्या सत्र न्यायालयात दुसराच प्रश्न विचारला गेला असता.

विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा योजनेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रामन राघव रात्रीच बाहेर पडे, झोपलेली आणि एकाकी माणसे निवडी, पुरावा मागे राहणार नाही याची बऱ्यापैकी काळजी घेई. भ्रमाच्या झटक्यात सापडलेला माणूस असे वागतो का, असा प्रश्न सामान्य माणसाला पडणे स्वाभाविक आहे. पण हा प्रश्न वेड म्हणजे आरडाओरडा, फाटके कपडे आणि असंबद्ध बडबड या समजुतीवर उभा आहे. आपल्या भाषेतही ‘वेडा’ हा शब्द प्रेमात पडलेल्यापासून क्रिकेटच्या शौकिनापर्यंत सगळ्यांना लागू होतो, पण खटल्याचा विषय निघाला की आपल्याला फक्त रस्त्यावर दगड मारणारा वेडाच वेडा वाटतो. १८०० साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्या दिशेने गोळी झाडली. फ्रान्सविरुद्धच्या लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे वार झाले होते. सरकारच्या हातून आपला मृत्यू झाला तर येशूचे पुनरागमन होईल, अशी त्याची श्रद्धा होती, आणि आत्महत्या तर पाप. म्हणून राजावर गोळी झाडायची, म्हणजे सरकार आपल्याला ठार करील, असा त्याचा हिशेब होता. राजावर शस्त्र उचलणे हा देहदंडाचा गुन्हा आहे हे त्याला कळत होते की नाही? कळत होते; कळत होते म्हणूनच त्याने ते केले. पिस्तूल मिळवणे, नाट्यगृह गाठणे, राजा येण्याची वाट पाहणे यांत कुठेही ढिसाळपणा नव्हता. त्याचे वकील थॉमस अर्स्किन यांनी मांडलेला युक्तिवाद मला आजही खोडता न येण्यासारखा वाटतो: वेडाचे खरे लक्षण उन्माद हे नव्हे, भ्रम हे होय. आधारच खोटा असला तर त्यावरची तर्काची इमारत कितीही पक्की असू शकते. रामन राघवचा हिशेबही पक्का होता. चुकला होता तो त्याचा पाया.

दुसरा मुद्दा सोंगाचा. तुरुंगात बसून कुणीही ‘मला आवाज येतात’ म्हणू शकतो, वकील त्याला पढवू शकतो, आणि मन उघडून दाखवणारे यंत्र कुणापाशीच नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच वेडेपणा सिद्ध करण्याचा भार कायद्याने आरोपीवर टाकला आहे. १९६४ च्या दाह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार किती ते ठरवून दिले: संशयातीत पुरावा नको, पण संभाव्यतेचे पारडे आरोपीच्या बाजूला झुकायला हवे. त्या खटल्यात पत्नीचा खून करणाऱ्या आरोपीचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. म्हणजे हा दरवाजा कुणीही ढकलला की उघडतो अशी स्थिती नाही. आणि सोंगाचा संशय घ्यायचाच तर तो कुणावर घ्यायचा? सोंग घेणाऱ्याला काहीतरी साधायचे असते. रामन राघवने स्वतःहून गुन्हे कबूल केले, फाशीविरुद्ध अपील करण्यास नकार दिला आणि परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरांचा हातही हातात घेतला नाही. त्याला आपण वेडे ठरावे असे कुठेही वाटलेले दिसत नाही. आपण आजारी आहोत हे आजाऱ्याला न पटणे हे या आजारात नेहमी दिसते. सोंगाड्याला मात्र ते पटवून द्यायची घाई असते.

तिसऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे समाजाच्या सुरक्षिततेकडे, मी अधिक गंभीरपणे पाहतो, कारण इथे भीती खरी आहे. ज्याने इतकी माणसे मारली तो ‘निर्दोष’ ठरून उद्या पुन्हा त्याच पदपथांवर फिरू लागला तर? पण निर्दोष ठरणे आणि सुटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हॅडफील्ड निर्दोष ठरला. त्याच्यासारख्यांना अडकवून ठेवण्यासाठी इंग्रजी संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि तो मरेपर्यंत बंदिवासात राहिला. मॅकनॉटन निर्दोष ठरला आणि १८६५ मध्ये ब्रॉडमूरच्या वेड्या गुन्हेगारांच्या रुग्णालयात मेला. आपल्याकडेही १८९८ च्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४७१ मध्ये, आणि पुढे १९७३ च्या संहितेच्या कलम ३३५ मध्ये, मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेल्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूद होती. हा ताबा शिक्षेसारखा मुदतीचा नसतो. खरे सांगायचे तर आपल्या व्यवस्थेचा दोष नेमका उलट्या बाजूचा आहे: आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक माणूस मनोरुग्णालयात ठेवला गेला, विसरला गेला, आणि खटला न चालताच २००५ मध्ये, चौपन्न वर्षांनी, बाहेर आला. वेड्यांना आपण सहज सोडून देतो असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचे काय ते सांगावे. रामन राघवचे म्हणाल तर १९६८ च्या ऑगस्टपासून १९९५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मरेपर्यंत, म्हणजे साडेसव्वीस वर्षांहून अधिक काळ, तो एक दिवसही मोकळा नव्हता. ‘सुटला’ हे क्रियापद त्याच्याबाबतीत कुठे लावायचे?

मग त्याची फाशी टळली कशी? इथे चर्चेतला सगळ्यांत मोठा गोंधळ आहे, कारण तीन निरनिराळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात. कृती करताना त्याची मनोवस्था काय होती, हा कलम ८४ चा प्रश्न. खटला चालताना तो स्वतःचा बचाव करू शकत होता का, हा प्रक्रियेचा प्रश्न. आणि शिक्षा अमलात आणताना तो कोणत्या अवस्थेत आहे, हा तिसरा. रामन राघव पहिल्या प्रश्नावर हरला. दुसऱ्यावर उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करण्याची प्रक्रिया थांबवली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये हरले. फाशी कायम होईपर्यंत खटला संपला असे म्हणता येत नाही, म्हणून त्या टप्प्यावरही आरोपी शुद्धीवर असायला हवा, असा त्या निकालाचा अर्थ. शेवटी १९८७ मध्ये, आजार बरा होण्यासारखा नाही हे स्पष्ट झाल्यावर, फाशीची जन्मठेप झाली. म्हणजे पुढच्या दाराने जे नाकारले ते मागच्या दाराने, अठरा वर्षांनी, अर्धेमुर्धे दिले गेले. अपराधी तर आहेस, पण तुला फाशी देता येत नाही. हा निकाल माणुसकीचा असेल. तर्काचा मात्र नव्हे. कारण तो आजार १९६८ च्या ऑगस्टनंतर कधीतरी उगवला असे म्हणायला फारसा आधार नाही. नायरच्या डॉक्टरांनी १९६९ मध्येच तो जुना असल्याचे सांगितले होते.

उरतात मेलेली माणसे. बचावाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी त्यांच्याबद्दल बोलायचे टाळले, तर त्यांचे कुणी ऐकू नये हेच बरे. त्यांच्या नात्यागोत्यातल्यांना ‘तो आजारी होता’ हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. ज्याचे माणूस गेले त्याला न्याय हवा असतो, मारणाऱ्याच्या आजाराचे निदान नको असते. हा दावा मी नाकारत नाही. पण न्यायालयाने मेलेल्यांना जे द्यायचे असते ते हे की खून झाला, तो याच हातांनी झाला, हे सत्य जाहीरपणे नोंदवायचे. वेडेपणाच्या बचावातही ते नोंदवावे लागते; आरोपीने ती कृती केली की नाही याचा स्पष्ट निष्कर्ष द्यावा असे आपली प्रक्रिया संहिता सांगते. त्यापलीकडे जे मागितले जाते तो सूड असतो, आणि वेड्यावर उगवलेला सूड कसा दिसतो ते अमेरिकेने १८८२ मध्ये पाहिले. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो ईश्वराच्या आज्ञेने हे केले असे अखेरपर्यंत म्हणत राहिला. ज्यूरीला फार वेळ लागला नाही. फाशीच्या तख्तावर उभा राहून त्याने स्वतः रचलेली, लहान मुलाच्या बोबड्या सुरातली एक कविता वाचून दाखवली आणि मग दोर आवळला गेला. त्या फाशीने कुणाला धाक बसला? ज्याला धाक बसायचा तो माणूस तर स्वर्गात जायला निघाला होता.

याचा अर्थ प्रत्येक भयंकर खुनी आजारी असतो असा मुळीच नाही, आणि इथे मला आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडायचे आहे. ‘एवढे क्रौर्य शहाणा माणूस करूच शकत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा वीट आला आहे. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांसह दहा जणांचे खून करणारे कलाविद्यार्थी क्रूर होते, थंड डोक्याचे होते, आणि त्यांच्या डोक्यात कोणतेही दुसरे जग नव्हते. त्यांना पैसा आणि मौज हवी होती, ते आपल्याच जगाचे रहिवासी होते. १९८३ मध्ये ते येरवड्याला फासावर गेले. फाशीच्या शिक्षेबद्दल तुमचे-माझे मत काहीही असो, त्यांनी केले ते त्यांनीच केले असे म्हणताना जीभ अडखळत नाही. रामन राघवबद्दल ती अडखळायला हवी. क्रौर्याचे मोजमाप प्रेतांवरून होते. मनोविकाराचे तसे होत नाही, आणि या दोहोंची सरमिसळ फाशी मागणारे आणि दया मागणारे सारख्याच उत्साहाने करतात.

आता कुणी म्हणेल की ‘कशामुळे घडले’ हा प्रश्न विचारू लागलो तर निकाल न्यायाधीशाच्या हातून डॉक्टरच्या हाती जाईल. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९५४ मध्ये ‘कृती मनोविकाराचे फलित होती का’ ही कसोटी स्वीकारली आणि अठरा वर्षांनी, १९७२ मध्ये, ती सोडून दिली. तज्ज्ञच निकाल देऊ लागले, अशी तक्रार होती. पण नॉर्वेचे उदाहरण पाहावे. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात कळण्या-न कळण्याची अटच नव्हती. कृतीच्या वेळी आरोपी मनोविकाराने भानावर नव्हता एवढे पुरे होते. २०११ मध्ये सत्त्याहत्तर माणसे मारणाऱ्या ब्रेव्हिकबद्दल तज्ज्ञांच्या एका जोडीने त्याला स्किझोफ्रेनिया आहे असे सांगितले, दुसऱ्या जोडीने नाही असे सांगितले. न्यायालयाने दोन्ही अहवाल तपासले, त्याचे विचार त्याच्यासारख्या इतर अतिरेक्यांच्या विचारांशी ताडून पाहिले आणि तो शुद्धीवर होता असा निकाल दिला. कसोटी इतकी सैल असूनही न्यायाधीशांनी आपले काम डॉक्टरांवर सोपवले नाही. मग आपल्याच न्यायाधीशांवर एवढा अविश्वास का?

खरे तर आपल्या न्यायालयांनीही अधूनमधून कलम ८४ चे शब्द ताणून हेच केले आहे. १९४९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर अशीरुद्दीन अहमद हा माणूस होता. स्वप्नात मिळालेल्या आज्ञेवरून त्याने आपल्या पोटच्या लहान मुलाचा बळी दिला होता. कृतीचे स्वरूप त्याला कळत होते, पण आपण करतो ते गैर आहे हे त्याला कळणे शक्य नव्हते, असे म्हणून न्यायालयाने त्याला कलमाचे संरक्षण दिले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून निर्दोष ठरवले, ते त्याच्या वडिलांचा आजार, त्याचे आधीचे उपचार, घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागणे, भर दिवसा झालेला हल्ला आणि लपण्याचा अभाव हे सगळे एकत्र पाहून. यांपैकी पहिल्या निकालात ‘गैर’ या शब्दाला ‘कायद्याविरुद्ध’ या शब्दाहून वेगळा अर्थ मिळाला. पण ही वाट एखाद्या न्यायाधीशाच्या उदारतेवर अवलंबून राहते. त्या शिपायाप्रमाणे लपण्याचा प्रयत्न न करणाऱ्याला ती सापडते आणि भ्रमामुळेच लपणाऱ्याला सापडत नाही. विधी आयोगाने १९७१ च्या बेचाळिसाव्या अहवालात कलम ८४ वर विचार करून ते आहे तसेच ठेवावे असे म्हटले. त्याच काळात ‘कानून’चा प्रतिनिधी मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत होता. जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. वसाहतीच्या खुणा पुसण्याचा गाजावाजा झाला, कलमांचे क्रमांक बदलले, ८४ चे २२ झाले. व्हिक्टोरिया राणीच्या रागातून आलेले ते शब्द तसेच राहिले.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि तिच्याकडे या खटल्यावर बोलणारे क्वचितच वळतात. रामन राघव पकडला गेला २७ ऑगस्ट १९६८ रोजी. पोलीस सर्जनने त्याचे निरीक्षण सुरू केले २८ जून १९६९ रोजी. मधले दहा महिने गेले. कलम विचारते ते ‘कृती करताना’ काय होते. उत्तर शोधायला सुरुवात झाली दहा महिन्यांनी, तेही बचाव पक्षाने विषय काढल्यावर. आरोपीचा मानसिक आजाराचा इतिहास तपासात दिसत असेल तर त्याची तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घेणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर अनेकदा सांगितले, २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातही. उदबत्तीचे घर, लसूण आणि आकड्यांचे ते दोन कागद अटकेच्या दिवशी पंचनाम्यात आले. त्या आकड्यांचा अर्थ काय, हे एखाद्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला त्याच आठवड्यात विचारले असते, तर तीन सरकारे आणि दोन जगे तेव्हाच कागदावर आली असती.